सासऱ्यांचा विजेचा सिद्धांत

माझे सासरे तळोज्याच्या एका कारखान्यात वायरमन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोनशे पानी वहीत एकच गोष्ट लिहायला घेतली: उजेड आणि वजन, दोन्ही विजेचेच प्रकार आहेत. मी पनवेलच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची. लग्न होऊन बेलपाड्याच्या घरात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. एके दिवशी त्यांनी ती वही माझ्यापुढे ठेवली.

"वाच. चुकलं असंल तं सांग. मना वाईट नाय वाटनार."

त्यांना दुखवायच्या भीतीने मी दोन महिने टाळाटाळ केली. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "रोज तुजी वाट बगतान ते. कायतरी बोल."

त्या रविवारी मी सगळी वही वाचली. वस्तूत वीज भरली की तिचं वजन बदलतं, असं त्यांनी लिहिलं होतं.

"बाबा, हे तपासून बघता येईल," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून, पंख्याचा कंडेन्सर घेऊन आमच्या लॅबमध्ये आले. त्यांनी त्यात वीज भरली, मी तो डिजिटल काट्यावर ठेवला. मग त्यांनी कंडेन्सरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवल्या. चट्‌ आवाज झाला, ठिणगी उडाली, भरलेली वीज निघून गेली. पुन्हा वजन केलं. आकडा तोच. त्यांनी मला पाच वेळा करायला लावलं. मग पेन काढून वहीत लिहिलं, 'फरक नाय.'

परतताना रिक्षात त्यांनी वही पुन्हा उघडली.

"आन उजेडाचं?"

"ते बरोबर आहे, बाबा. प्रकाश म्हणजे वीज आणि चुंबकत्वाची लाटच. फार पूर्वी सिद्ध झालंय."

आपल्याआधी कुणीतरी ते शोधलं, म्हणून ते हिरमुसतील असं मला वाटलं. ते बाहेर बघत राहिले. डोळे भरले होते.

"म्हंजे माज्यासारका इचार करनारा कोनतरी व्हता."

तेव्हापासून संध्याकाळच्या चहानंतर ते माझ्याकडे अकरावीचं पुस्तक शिकायला बसू लागले. वजनाचा हट्ट मात्र सुटला नाही. "तुमचा काटा जाडा हाय, पोरी. बारीक आन, मंग बगू."

पुढच्या वर्षी कॉलेजात नवा, जास्त बारीक फरक दाखवणारा काटा आला. मी त्यांना पुन्हा घेऊन गेले. आकडा तोच आला. येताना एसटी स्टँडजवळ आम्ही दोघांनी उसाचा रस घेतला. त्यांनी माझ्या ग्लासात बर्फ घालू दिला नाही, घसा बसेल म्हणाले.