जीपचा कार्बोरेटर

परवा पेट्रोलपंपावर हातावर दोन थेंब उडाले आणि त्या वासानं मी थेट अमरावतीच्या आमच्या अंगणात जाऊन पोचले. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. नानांची, म्हणजे माझ्या वकील वडिलांची, दोन सीटांची विलायती मोटार कार्बोरेटर गेल्यापासून निंबाखाली उभी होती. अस्सल भागच लावायचा, हा त्यांचा हट्ट; आणि तो भाग काही मिळत नव्हता. मोटार पुसायचे मात्र रोज.

त्या दुपारी नाना कोर्टात असताना आईनं मिस्त्री बोलावून जीपचा कार्बोरेटर बसवून घेतला. संध्याकाळी नाना फाटकातून आले तेव्हा इंजिन सुरू होतं. त्यांनी बॉनेट उघडलं.

“हे कशाचं?”

“जीपचं,” आई म्हणाली.

नाना बराच वेळ वाकून ऐकत राहिले. मग त्यांचे खांदे सैल पडले. तेव्हा मला वाटलं, ते थकले असतील. आज कळतं, त्यांचा हट्ट दुसऱ्या कुणीतरी मोडला, म्हणून ते सुटले होते.

आई तोवर मोटारीत जाऊन बसलीसुद्धा होती.

“आधी मले फिरवून आना,” ती म्हणाली. “रागवायचं असन तं रस्त्यानं रागवजा.”