रिंग वाकडी होती

रिद्धीने बूट पिशवीत कोंबले आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"टीचर, हे दुसऱ्या कुणाला तरी द्या. मी रविवारी येणार नाही."

आम्ही दोघी आमच्या बास्केटबॉल कोर्टाच्या कठड्यावर बसलो होतो. आदल्या संध्याकाळी आमच्या मुलींची टीम प्लेऑफची पहिली मॅच हरली होती. प्लेऑफ म्हणजे साखळी सामने संपल्यावरची बाद फेरी. आमच्या लीगमध्ये ती तीन मॅचची असते, दोन जिंकेल तो पुढे. रविवारी हरलो की सीझन संपला. शाळेतून पीटी टीचर म्हणून रिटायर होऊन मला बरीच वर्षं झाली, पण या टीमची कोच अजून मीच आहे. आजी मला फक्त घरातली नातवंडं म्हणतात. बाकी सगळी वसई टीचर म्हणते.

कठड्याच्या दुसऱ्या टोकाला आमचे फॅन्स बसले होते. पराभवाचं पोस्टमॉर्टेम चालू होतं.

"रेफरी! दुसरं काय?" ग्रेगरी अंकल म्हणाले. त्यांची बेकरी कोर्टासमोरच आहे. आमच्या प्रत्येक पराभवासाठी त्यांच्याकडे एक रेफरी तयार असतो. "त्यांच्या पोरींना नुसता वारा लागला तरी शिट्टी. आपल्या पोरी आडव्या पडल्या तरी तो आपला छताकडे बघतोय."

"अंकल, फ्री थ्रो दिले ना त्याने? ते मारायचे कोणी?" हा केतन. फुलपाड्याला राहतो, बहीण टीममध्ये आहे म्हणून बाइकवरून इथवर येतो. "प्रेशर, बाकी काय नाय. मेन शूटरच चोक झाली. रविवारी तिला बसवा, सिंपल."

मेन शूटर माझ्या शेजारी बसून नखं खात होती.

फ्री थ्रो म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारा मोकळा नेम. समोर कुणी हात आडवे करत नाही, मागून कुणी ढकलत नाही. रेषेवर उभं राहायचं, श्वास घ्यायचा, टाकायचा. त्यामुळे चुकला की सांगायला सबब नसते. रिद्धीचे सगळे चुकले होते.

मला हसू येत होतं. रिद्धीचं नव्हे, तिच्या वयाच्या माझं. दोन वेण्या, गुडघ्याला कायम खरचटलेलं, आणि पृथ्वीवर आपल्यासारखी शूटर नाही ही खात्री. पृथ्वी म्हणजे तेव्हा वसई ते नालासोपारा. राज्याच्या टीमच्या ट्रायलसाठी मुंबईच्या एका बंद हॉलमध्ये गेले आणि एकही चेंडू आत पडला नाही. बाईसाहेबांनी काय करावं? कमरेवर हात ठेवून सिलेक्टर मंडळींना सांगितलं, "तुमची रिंग वाकडी आहे." घरी आले ती पुन्हा खेळलेच नाही. आमचे हे तेव्हा बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते, आमच्या लग्नाची बोलणी चालू होती. ते मुद्दाम त्या हॉलमध्ये गेले, रिंगवर पाणसळ ठेवून आले. गवंडी लादी सपाट आहे का ते बघायला बुडबुड्याची पट्टी वापरतात, ती. "अर्धं बोट उतरलेली आहे," म्हणाले. तेव्हापासून ही गोष्ट मी माझ्या प्रत्येक बॅचला पुराव्यासकट सांगत आले आहे.

"चुकले कुठे?" मी रिद्धीला विचारलं.

"सगळे चुकले, टीचर."

"तसं नाही. चेंडू रिंगला कुठे लागत होता?"

तिने विचार केला. "डावीकडे."

"सगळे?"

"हो. आणि बाकीच्यांचे पण. लांबून मारले ते सगळे डावीकडेच."

हे विचित्र होतं. घाबरलेल्या माणसाचा नेम विस्कटतो. एक आखूड, एक लांब, एक भलतीकडेच. सगळ्या मुली मिळून एकाच बाजूला घाबरत नाहीत.

"एक मारून दाखव."

"बूट तुमच्याकडे आहेत."

"अनवाणी मार."

समुद्राकडे ऊन उतरलं होतं. कोर्टाची जमीन फिक्या केशरी रंगाची झाली होती, बेकरीतून पावाचा वास येत होता आणि पलीकडच्या वाडीत केळीची पानं एकाच लयीत हलत होती. अशा वेळी मला नीटसं काही दिसत नाही, नुसतं तरंगल्यासारखं वाटतं. रिद्धीने चेंडू सोडला. तो रिंगच्या डावीकडे निघाला. मग हवेत, कुणीतरी हाताला धरून न्यावं तसा हळूच उजवीकडे सरकला आणि जाळीत उतरला. आवाजसुद्धा झाला नाही.

हे मी कित्येक वर्षं रोज बघत होते. म्हणूनच कधी बघितलं नव्हतं.

माझी ओढणी उजवीकडे उडत होती.

आमच्या कोर्टाला सध्या एकच रिंग आहे. दुसरी खाऱ्या हवेने गंजली म्हणून उतरवली, ती बसायची आहे. या रिंगसमोर उभं राहिलं की समुद्र डाव्या हाताला येतो. मुली संध्याकाळीच प्रॅक्टिसला येतात, नेमका तेव्हाच समुद्रावरून वारा सुटलेला असतो. चेंडू उजवीकडे जातो म्हणून पोरी न कळत डावीकडे नेम धरायला शिकल्या. त्यांना कुणी सांगितलं नाही. हात शिकले. साखळीत आम्ही पळून, रिंगखाली घुसून पॉइंट काढले होते, लांबून मारायची वेळ फारशी आली नाही. प्लेऑफला समोर उंच पोरी. त्यांनी रिंगखालची वाटच बंद केली, आणि आम्हाला लांबून मारावं लागलं. तेही बंद हॉलमध्ये, जिथे वारा नव्हता.

"उद्या सकाळी ये," मी म्हटलं. "बुटांचं मग बघू."

सकाळी केळीचं पान हलत नव्हतं. रिद्धीने मारला. रिंगची डावी कड. पुन्हा मारला. डावी कड. तिसऱ्यांदा ती स्वतःच हसायला लागली.

"टीचर, मी चोक नव्हते झाले?"

"नाही गं. तू वाऱ्याचा हिशेब धरत होतीस, आणि वारा आलाच नाही."

तिने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.

आता प्रश्न जागेचा. सकाळी मुलींना कॉलेज, कामं. हॉल लीगचा, मॅचपुरताच मिळणारा. केतनच्या मामाचं फुलपाड्याला मंगल कार्यालय आहे. मी केतनला गाठलं. "मेन शूटरला बसवायचं म्हणत होतास ना? मग तिला उभं राहायला जागा दे."

मुहूर्त नसलेल्या दुपारी आम्ही शाळेचा चाकांचा बास्केटबॉल स्टँड टेम्पोतून तिथे नेला. मामा दारातच उभे.

"टीचर, झुंबर फुटलं तर?"

"मुली डावीकडे मारतात. झुंबर उजवीकडे आहे."

"आणि सुधारल्या तर?"

"तर मग मधोमध जाईल. काळजी कशाला करता?"

ती दुपार मला अजून स्वप्नातल्यासारखी वाटते. खिडक्या बंद, छताला गुलाबी कापडाच्या झालरी, स्टेजवर वधूवरांच्या लाल मखमली खुर्च्या आणि त्यांत दमलेल्या माझ्या मुली, दोघी दोघी. कालच्या लग्नातल्या अक्षता जमिनीवर चिकटून राहिलेल्या. चेंडूचा आवाज सगळ्या हॉलभर घुमत होता. मी सूचना एकच दिली: हात सुटल्यावर बोटं रिंगच्या मध्याकडे राहू द्यायची. याला फॉलो थ्रू म्हणतात. बाकीचं बोटांना आपोआप कळतं, फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो. उन्हं कलेपर्यंत रिद्धीचे चेंडू झालरींखालून जात राहिले, आणि जाळीचा तो बारीक सुस्कारा ऐकू येऊ लागला.

रविवारी मॅच शेवटपर्यंत खेचली गेली. आम्ही एका पॉइंटने मागे, आणि रिद्धीला फाउल. दोन फ्री थ्रो. ग्रेगरी अंकलनी गळ्यातला क्रॉस मुठीत धरला. केतनने डोळे मिटले. रिद्धीने हॉलच्या बंद खिडक्यांकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे, आणि गालात हसली.

दोन्ही आत.

दुसऱ्या संध्याकाळी कठड्यावर पुन्हा सभा.

"रेफरी चांगला होता काल," ग्रेगरी अंकल म्हणाले.

"मी बोललो होतो ना, प्रेशर निघालं की झालं," केतन म्हणाला. "पण तिसऱ्या मॅचला त्या रिद्धीला मोकळी सोडणार नाहीत हां. मी असतो तर तिला बसवली असती."

"तुला कुणी विचारलं?" असं म्हणत रिद्धी बुटांच्या नाड्या बांधत होती.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. हे गॅलरीत पेपर वाचत होते. सांगता सांगता मीच थांबले. मीही इथल्याच वाऱ्यात नेम धरायला शिकले होते.

"अहो, मग ती मुंबईची रिंग? तुम्ही स्वतः पाणसळ लावून बघितली होती."

"बघितली होती."

"अर्धं बोट उतरलेली आहे, म्हणालात."

पेपर खाली आला नाही. मागून आवाज आला, "लग्न व्हायचं होतं अजून."

तेव्हा आमच्या कामातली शिकवण एवढीच. मॅच हरलात तर आधी वारा बघा. आणि रिंग तपासायचीच असेल, तर ती प्रेमात पडलेल्या ओव्हरसिअरकडून तपासून घेऊ नका.