जाळ पेटवणारा राजा

त्या चिनी राजाचा शेवट मी वर्गात चवीनं सांगायचे. पुस्तकात तो नव्हता, तरी सांगायचे. राणी हसत नाही म्हणून या शहाण्यानं डोंगरावरचे जाळ उगाचच पेटवले. शत्रू आला की पेटवायचे ते जाळ. सरदार फौजा घेऊन धापा टाकत आले, तर शत्रूचा पत्ता नाही. राणी खुदकन हसली आणि राजाला चटकच लागली. पुढं शत्रू खरंच आला. राजानं सगळे जाळ पेटवले, पण एकही सरदार फिरकला नाही. राजा मारला गेला, राजधानी लुटली गेली. पोरी टाळ्या वाजवायच्या आणि मला फार बरं वाटायचं.

कारण तसला एक राजा माझ्या सासरीच होता. माझे सासरे, आबा, धुळ्याजवळ शेतात राहायचे. हिवाळ्यात भरताची हुक्की आली की तिन्ही मुलांना फोन जायचा, "छातीमा दुखी ऱ्हायनं, लवकर या." आम्ही जळगावहून जीव मुठीत धरून निघायचो. तिथं कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात वांगी, आणि आम्ही सगळे आलेले पाहून आबा पोट धरून हसतायत. "बठ्ठा उनात ना? बसा मंग, भरीत गरम शे." राजा निदान राणीसाठी तरी करायचा. हे स्वतःच हसायचे.

एका हिवाळ्यात माझी आई भडगावला आजारी होती, घरात एकटी. मी तिच्याकडे निघाले, गाडीत बसले, तेवढ्यात आबांचा फोन आला. नवऱ्यानं गाडी धुळ्याकडे घेतली. आबा माझ्या ताटात भरीत वाढत होते तेव्हा आईच्या शेजारणीनं कळवलं, आई गेली.

तेराव्यानंतर मी आबांना तोंडावर त्या राजाची गोष्ट सांगितली. म्हटलं, तुमचंही हेच होणार. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "त्याना सरदार परका व्हतात. ह्या मना पोरे शेतस." मी त्यांच्या घरचं पाणीही न पिता उठले.

गेल्या वर्षी परत तोच फोन आला. या वेळी खरा. कुणी जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. तिघेही धावले. आबा थोरल्याच्या मांडीवर डोकं ठेवून गेले, भोवती सगळं घर.

ती गोष्ट आता मी वर्गात सांगत नाही. खोटी आहे ती.

माझ्या आईनं जन्मात कुणाला उगाच बोलावलं नाही. त्या दिवशी सकाळी तिनं पहिल्यांदाच मला फोन करून 'ये' म्हटलं होतं.