बाई जिना चढतात

बाईंना स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. बसल्या तरी बोट चालू असे. नातीच्या जुन्या टॅबलेटवर एका वेळी चार गोष्टी उघड्या: म्युझियममधलं एखादं चित्र, अर्धवट सोडलेला गेम, पुण्याच्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि कुठल्या तरी अन्यायाविरुद्ध सही करायचं निवेदन. चित्रावरून गेमवर, गेमवरून भांडणावर, भांडणावरून विनोदावर त्या अशा उड्या मारत की शेजारी बसलेल्याला चक्कर यावी. "डोकं एका जागी ठेवलं की गंजतं रे," असं म्हणून त्या मला पुढचं काहीतरी दाखवायच्या.

बाई म्हणजे अनुजाची आई. नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनला अनुजा माझ्या वरच्या मजल्यावर राहते. बाईंनी पुण्यात तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलेलं, त्यामुळे घरचे सोडून सगळं जग त्यांना बाईच म्हणे. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत त्या तीन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद झाल्यावर इथेच अडकल्या. मी एकटा जीव. माझं शेजारच्या बाडहूव्हडॉर्प गावातलं ऑफिस स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलेलं. संध्याकाळी दीड मीटरचं अंतर राखून मी त्यांच्याकडे चहाला जाऊ लागलो.

चित्रं बघताना त्या चेहऱ्याकडे ढुंकूनही बघत नसत. बोटांनी चित्र मोठं करत करत थेट हातांवर जायच्या. "चेहरा कोणालाही जमतो. हात बघ." एकदा तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या एका डच चित्रातली मोलकरीण त्यांना सापडली. तिच्या बादली धरलेल्या हाताकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "या माणसाने स्वतः कधीतरी बादली उचललेली आहे." ते चित्र असलेलं म्युझियम मी दोनदा पायी फिरलो होतो, पण मला ती बादली आठवेना.

गेम त्यांना दहा वर्षांच्या ईराने, म्हणजे नातीने शिकवला. गाव वसवायचं, तटबंदी बांधायची आणि दुसऱ्यांच्या गावांवर हल्ले करायचे. ईराच्या वर्गातल्या मुलांच्या टीममध्ये बाई शिरल्या. मुलं त्यांना ओमा, म्हणजे आजी म्हणत. पण ज्याची भिंत अजून अर्धीच बांधून झालीय त्याच्यावर हल्ला करायला ओमा साफ नकार देत. ईरा कपाळाला हात लावून म्हणायची, "आजी, इट्स जस्ट अ गेम." बाई म्हणायच्या, "म्हणून तर. खेळात जमलं नाही तर एरवी कसं जमणार?" त्या आठवड्यात टीम हरली.

सोसायटीच्या ग्रुपवर मात्र त्या लाडक्या होत्या, कारण त्या हसवायच्या. लॉकडाऊनमध्ये त्यांनी अख्खी कमिटी भाज्यांच्या रूपात काढून पाठवली. सेक्रेटरींचा दुधी भोपळा केला होता. ते इतके खूश झाले की त्यांनी तो आपल्या नावापुढे फोटो म्हणून लावला.

जूनमध्ये त्याच सेक्रेटरींनी नियम काढला. घरकामाच्या बायकांनी परत यावं, पण लिफ्ट वापरू नये, जिन्याने यावं. बाईंचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. तिथे वीस वर्षं काम करणारी सुमन आता बंद घरातली झाडं जगवत होती आणि वरच्या मजल्यांवरची आणखी तीन घरं करत होती. तिचा फोन आला. "बाई, मास्क लावून चढवत नाही ओ. चौथ्या मजल्यावर बसते, मग उठवत नाही." बाईंनी फोन ठेवला आणि घरभर फेऱ्या मारायला लागल्या.

मराठी टाइप करायला त्यांना फार वेळ लागे, म्हणून त्या सांगायच्या आणि मी लिहायचो. त्यांनी सांगितलं, "पाचव्या मजल्यावरचा कुत्रा लिफ्टने जातो आणि सुमन जिन्याने. लाज वाटत नाही का?" मी लिहिलं, "सदर नियमाचा फेरविचार व्हावा, ही नम्र विनंती." उत्तरादाखल जोडलेल्या हातांची रांग आली. मग सेक्रेटरींनी गोड शब्दांत कळवलं की फ्लॅट कन्येच्या नावावर असल्याने आपण सभासद नाही, सबब आपल्या सूचनेचा विचार करता येत नाही. बाईंनी चष्मा लावून सगळं वर सरकवून वाचलं.

"निखिल, हे मी कधी म्हटलं?"

"वाद वाढू नये म्हणून मी जरा..."

"वाद वाढायलाच हवा होता. समजूतदार कुठला." तेव्हापासून त्यांनी माझं नावच समजूतदार ठेवलं.

मग त्या अनुजाच्या मागे लागल्या. तू सभासद आहेस, तू लिही. अनुजा दिवसभराच्या मीटिंगांनी पिचलेली असायची. "आई, मी इथे बसून त्यांच्याशी भांडण काढू? उद्या तुला त्यांच्यातच एकटीला राहायचंय. तुला काही झालं तर दार तेच लोक उघडणार आहेत." मला अनुजाचं पटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. बाई टॅबलेट पालथा घालून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या आमच्या इमारतीचा जिना चढू-उतरू लागल्या. इथले जिने म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडीच. त्यात बाईंना हृदयाच्या डॉक्टरांनी जिने टाळायला सांगितलेलं. माझ्या दारापाशी थांबून त्या धापा टाकत. घरात बसून कंटाळल्या असतील, असं आम्ही धरून चाललो.

सप्टेंबरमध्ये खास विमान मिळालं आणि त्या गेल्या. पुण्याला पोचल्यावर चौदा दिवस घरात काढून त्यांनी ग्रुपवर स्वतः एका बोटाने टाइप केलं: "सुमनला लिफ्ट मिळेपर्यंत मीही जिन्याने." लोकांनी हसणारे चेहरे पाठवले. बाई विनोदी, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या खरोखरच चढू लागल्या. दूध, औषधं, भाजी, काहीही निमित्त काढून रोज खाली. प्रत्येक मजल्यावर त्यांनी एकेक चित्र चिकटवलं: "लेव्हल एक: गुडघ्यांचा राक्षस", "लेव्हल चार: इथे सुमन बसते, तुम्हीही बसा", आणि खाली खरंच एक स्टूल ठेवलेलं. ईराला फोटो यायचे आणि ती खिदळायची. अनुजा मात्र चढायच्या वेळेला फोन लावून नुसती आईचा श्वास ऐकत बसायची.

नवव्या दिवशी पाचव्या मजल्यावर बाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सुमनने त्यांना धरून वर नेलं आणि अनुजाला फोन केला. अनुजा मीटिंग अर्धवट सोडून खाली माझ्याकडे आली, माझ्या टेबलाशी बसली आणि ग्रुपवर लिहू लागली. कुत्रा, लिफ्ट, लाज, सगळं जसंच्या तसं. खाली आपलं पूर्ण नाव आणि फ्लॅट नंबर. या वेळी मी एकही शब्द बदलायला सांगितला नाही. चार दिवसांत नियम गेला.

बाई हरखून जातील, अशी आमची कल्पना. अनुजाने चाचरत सांगितलं, "आई, तुझ्या चढण्याने नाही गं. मी लिहिलं म्हणून त्यांनी काढला."

"मग मी कोणासाठी चढत होते?" बाई म्हणाल्या. "सेक्रेटरी थोडाच जिन्यात बघायला येणार होता? तुला धडकी भरावी म्हणून चढत होते."

"तू मेली असतीस, आई."

"असते. पण तू बोलली नसतीस."

अनुजा पुढचे तीन आठवडे त्यांच्याशी बोलली नाही. आता बाईंना जाऊन दोन वर्षं झाली. जिन्यात नाही, झोपेतच गेल्या. ते तीन आठवडे अनुजाला अजून सलतात. मला सलतं ते वेगळंच. सुमनच्या दमलेल्या पायांनी आम्ही दोघं जागचे हललो नाही. आम्हाला हलवायला बाईंना स्वतःचं हृदय पणाला लावावं लागलं.