हिराजीकाकांची बादली आणि माझा रिपोर्ट

हिराजीकाका आज पहाटे गेले, आणि मी त्यांच्याशी खोटं बोलले होते ते तसंच राहून गेलं.

त्यांच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी पेणला घरीच होते. रविवार, काही काम नव्हतं. तरी गेले नाही.
कुठल्या तोंडाने जाणार?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी ‘वहाळवाली मॅडम’ म्हणून माहीत आहे. कॉलेजात झूऑलॉजी शिकवते. पोरींना घेऊन वहाळात, म्हणजे ओढ्याच्या पाण्यात उतरते. दगड उलटायचे, तळ पायाने ढवळायचा, खाली जाळी धरायची, जे सापडेल ते पांढऱ्या ट्रेमध्ये टाकून मोजायचं. कुठले जीव आहेत त्यावरून वहाळाची तब्येत कळते.

रोह्याला अष्टमीचा पूल ओलांडून आत गेलं की काकांचं गाव. भात आणि वाल करणारं साधं घर.
गावाच्या वर एक पोल्ट्री. वहाळ तिच्या अंगणातूनच आल्यासारखा खाली येतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रोजेक्टला तीन वहाळ हवे होते. दोन खराब निघाले होते.
तिसरा, काकांच्या गावचा, चांगला निघाला तर तुलना छान होणार होती.
महिनाअखेरीला रिपोर्ट द्यायचा होता.

भातं कापून झाली होती. काका बांधावर बसून आमची गंमत बघत होते. दोन तास आम्ही पाण्यात.
ट्रेमध्ये काय? लाल अळ्या. नुसत्या लाल अळ्या. पाण्यातला प्राणवायू संपत आला की त्याच तेवढ्या टिकून राहतात. हे मी दरवर्षी वर्गात शिकवते.

काकांना आमची दया आली.

“बाय, काय गावला का नाय?”
“नाही हो काका.”
“आरं तिच्या! पेनवरनं आल्या पोरी, आनि रिकाम्या हातानं जानार?”

उठले, घरी गेले, बादली घेऊन आले. बादलीत सात-आठ मुठे, मूठभर झिंगे आणि बोटाएवढे मासे. मुठे म्हणजे गोड्या पाण्यातले खेकडे, आपल्याकडच्यांना काय सांगायचं. पोल्ट्रीच्याही वर डोंगराला वहाळाची एक कोंड, म्हणजे खोल डोह आहे, तिथून सकाळीच धरून आणले होते. घरच्या कालवणासाठी.

“घ्या. मोजा काय ते. आमी आज वालावर भागवू.”

पोरी नाचायला लागल्या. एकच जण वही हातात धरून उभी राहिली.
“मॅडम, हे आपल्या पॉइंटवरचे नाहीत ना?”

मी म्हटलं, “लिही गं. वहाळ एकच आहे ना?”

एवढंच. एवढंच मी केलं.
रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘जैवविविधता समाधानकारक.’ सही ठोकली. विभागात कौतुक झालं, मी ते मिरवलंसुद्धा.

पुढे पोल्ट्री वाढली. गावाला वास यायला लागला, म्हशी पाण्याला तोंड लावेनात. गावाने अर्ज केला, पहिली सही काकांची. पाहणीला आलेल्या साहेबांनी पिशवीतून कागद काढला. माझा रिपोर्ट.
“कॉलेजच्या मॅडमनी तपासलंय. पाणी उत्तम आहे.”

त्यानंतर एक दिवस काका वडखळला गाडी बदलून पेणला आले. थेट माझ्या लॅबमध्ये. चपला दाराबाहेर काढल्या. हातात पिशवीभर वालाच्या शेंगा. स्टुलावर कसेबसे टेकले आणि बराच वेळ नुसते काचेच्या बरण्या बघत राहिले.

“बाय, येक विचारू? त्या दिशी मी मुठं आनलं व्हतं, ते तुमी मोजलं नव्हतं ना?”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता.

“नाही काका,” मी म्हटलं. “ते कसे मोजू? ते तर वरच्या कोंडीतले.”

एवढा मोठा श्वास सोडला त्यांनी.
“मंग झाला. मला रातदिस घोर व्हता. म्हटला, मीच गावाचा घात केला का काय.”

चहा प्यायले. जाताना दारात थांबून म्हणाले, “तुमी तपासलाय म्हनजे पानी चांगलाच आसल. आमच्याच नाकाला वास येतोय.”

गावात जाऊन त्यांनी अर्जावरची आपली सही मागे घेतली. जुन्या माणसाने माघार घेतल्यावर बाकीचेही गप्प बसले.

मी स्वतःला समजावलं, म्हाताऱ्या माणसाचा घोर तरी गेला.
काय पण समजूत! ‘चूक माझी आहे काका, तुमची नाही,’ एवढं म्हटलं असतं तरी घोर गेलाच असता. पण मग माझं नाव गेलं असतं. मला त्यांच्या जिवापेक्षा माझी सही प्यारी होती.

आज सुनेने फोनवर सगळं सांगितलं. झोपेतच गेले, वय झालं होतं. मग म्हणाली, “बाबा तुमचा लय नाव काढायचे. वहाळावर कोनी नाक मुरडला, की सोता वाकून वंजळभर पानी प्यायचे सगल्यांम्होरं. म्हनायचे, बायनी तपासलाय, बाय खोटा नाय लिवायची.”

मी फोन ठेवला.

म्हणून हे इथे, माझ्या नावाने, सगळ्यांसमोर लिहिते आहे.
तो रिपोर्ट खोटा आहे. पोल्ट्रीच्या खालचा वहाळ तेव्हाच आजारी होता. मला माहीत होतं. गावाने नवा अर्ज करावा आणि ही पोस्ट त्याला जोडावी. कॉलेजला आणि त्या साहेबांच्या ऑफिसला मी उद्या सकाळी लेखी देते आहे. माझं जे व्हायचं ते होऊ दे.

तिथून तशीच रोह्याला जाईन. काकूंना समोर बसून सांगेन. त्यांनी उंबऱ्याआत घेतलं नाही तर अंगणातून सांगेन.

काका, गावाचा घात तुम्ही केला नव्हता.
मी केला.

मान खाली घालून तुम्हाला निरोप देते.