डिरेक्टरीचं डावं बोट

आमच्या खालच्या मजल्यावर जी राहते, तिला सगळे डिरेक्टरी म्हणतात. एकोणीस वर्षं ती मोठ्या रुग्णालयात चौकशीच्या टेबलावर फोन घेते आहे आणि तिथले दोनशे चाळीस नंबर तिला तोंडपाठ आहेत. नजर हळूहळू गेली. गेली दहा वर्षं तिला काहीच दिसत नाही. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. त्यावरून तीच म्हणते, "साऱ्या जगाला चष्मे, आणि घरच्या बाईला एकही लागू पडेना."

पाठांतरावर तिचं छान चाललं होतं. मग रुग्णालयाची नवी इमारत झाली. कोणता रुग्ण कुठल्या वॉर्डात, कोणते डॉक्टर पाळीवर, हे दिवसातून दहादा बदलू लागलं आणि ती यादी मोबाइलवर येऊ लागली. तिचा फोन बोलका आहे, पडद्यावरचं वाचून दाखवतो. पण एका कानात तो भरभर बोलणार आणि दुसऱ्या कानात कुणाची तरी घाबरलेली बायको. ३ मार्चला व्हायचं ते झालं. तिने एका मुलाला त्याच्या वडिलांना भेटायला जुन्या इमारतीत पाठवलं, आणि वडील होते नव्या इमारतीत. तो पोचेपर्यंत डॉक्टर तपासून निघून गेले होते. त्याने लेखी तक्रार केली, आणि ती खरीच होती.

व्यवस्थापकांनी तिला बोलावून सांगितलं, की पगार तोच राहील, पण यापुढे पाकिटांच्या खोलीत बसावं. तिथे तपासण्यांचे अहवाल पाकिटांत घालून चिकटवतात.

त्या संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. मी म्हटलं, "पगार तोच आहे ना? जिवाची दगदग तरी कमी होईल."

"काकू, तुम्हीसुद्धा?" ती म्हणाली. "त्या खोलीत मला कुणी काही विचारणार नाही. एकोणीस वर्षं लोक मला विचारतायत. मी तीन महिने मागून घेतलेत. घोटाळा कानांनी केला ना? मग आता कान सोडते आणि हात कामाला लावते."

हात म्हणजे ब्रेल. नजर जात होती तेव्हा ती ते शिकली होती. फोन बोलायला लागला तसं सुटलं. आता तिने एका संस्थेकडून तीन महिन्यांच्या बोलीवर ब्रेल डिस्प्ले आणला. कंपासपेटीएवढी चपटी पट्टी. फोनशी बिनतारी जोडली, की फोनवरची ओळ तिच्यावर ठिपक्याठिपक्यांनी वर येते. एका वेळी वीसच घरं, एका घरात एक अक्षर. ओळ वाचून झाली की कळ दाबायची. जुने ठिपके खाली बसतात, पुढचे उठतात. त्यात बोलणं कुठेच नाही, म्हणजे दोन्ही कान मोकळे.

ऐकायला सोपं. पण भांडं किती तापलंय ते चाचपून चाचपून तिच्या उजव्या तर्जनीचं टोक निबर झालं होतं. त्याला ठिपके कळेचनात. तिने डावं बोट पुढे केलं. "बरंच झालं," म्हणाली, "उजव्या हातात रिसीव्हर असतो." पहिल्या आठवड्यात त्या बोटाला एका ओळीला दीड मिनिट लागत होतं. मी घड्याळ लावून पाहिलं होतं.

खरी अडचण निराळीच निघाली. ती म्हणजे तिचं पाठांतर. सरावाला तिने रुग्णालयाच्याच याद्या घेतल्या, तर बोट दोन अक्षरांवर पोचेपर्यंत डोकं पुढचं सगळं भरून मोकळं. एकदा "हाडांचा विभाग" असं तिने ठणकावून सांगितलं. तिथे "हातमोजे संपले" असं लिहिलेलं होतं.

"काकू," ती म्हणाली, "मला अजिबात माहीत नाही असं काहीतरी रोज पाठवा."

माझ्याकडे तसं एकच होतं. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरांनी रोजनिशीची सवय लावली, तेव्हापासून माझा एकही दिवस कोरा नाही. रोज सकाळी मी एक जुनं पान फोनवर टाइप करून पाठवू लागले. संध्याकाळी ती माझ्यासमोर बसून वाचायची.

"ह्यांनी छत्री आणली."

"आणली नाही. नीट वाच."

ओळ मागे घेऊन ती पुन्हा बोट फिरवायची. "हरवली. तिसरी!" आणि मग हसत सुटायची. "काका छत्र्या हरवत होते आणि तुम्ही तारीखवार लिहून ठेवत होतात? बिचारे काका!"

"बिचारी मी. चौथीचं तर विचारूच नकोस."

दोन महिन्यांत एक ओळ आठ सेकंदांवर आली. मग यादीच आडवी आली. डॉक्टरांच्या पदव्यांतच वीस घरं संपायची. तिने प्रत्येक वॉर्डात फोन करून कारकुनांना गळ घातली. "आधी रुग्णाचं आडनाव, मग वॉर्ड, मग नंबर. पदव्या शेवटी टाका, त्या कुठे पळून जात नाहीत."

मुदत ९ जूनला संपत होती. रक्तदाब तपासायचं निमित्त काढून मी चौकशीच्या दालनात बाकावर जाऊन बसले. साडेअकराला व्यवस्थापक आले. बदलीचा कागद टाइप करूनच आणला होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि तिचा मोबाइल उचलून पाहिला.

"हा तर बंद आहे."

"चालू आहे, साहेब. पडदा काळा ठेवलाय. मला उजेड काय करायचाय? बॅटरी तरी वाचते."

तिने पट्टीवरून चार नावं वाचून दाखवली. ते हसले. "हे तुम्हाला पाठच असणार. डिरेक्टरी काय उगाच म्हणतात?"

"मग दोन वाजता या," ती म्हणाली. "दोनला नवी यादी येते. ती मला पाठ असणं शक्य नाही. छापून घ्या आणि माझ्या मागे उभे राहा."

दोन वाजून दोन मिनिटांनी ते छापील यादी घेऊन मागे उभे राहिले. विचारलेलं आडनाव ती दर वेळी मोठ्याने म्हणत होती. पहिले दोन फोन बरोबर गेले. तिसऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ बायकोला कुठे हलवलंय ते विचारत होते आणि थांबायचं नाव घेत नव्हते. "हो आजोबा, ऐकतेय. नाही, अंथरूण आणू नका, इथे देतात," असं ती बोलत होती आणि डावं बोट पट्टीवरून सरकत होतं. "नवी इमारत, तिसरा मजला, वॉर्ड चौदा. लिफ्टमधून बाहेर आलात की डावीकडे."

"चूक!" व्यवस्थापक म्हणाले. "दुसरा मजला, वॉर्ड नऊ. बघा, पुन्हा तेच."

तिने रिसीव्हर खाली ठेवला नव्हता. "आजोबा, एक मिनिट हं," म्हणाली, कळ दाबून ओळ मागे घेतली आणि पहिल्या घरापासून सावकाश पुन्हा बोट फिरवलं. मी सेकंद मोजले. अकरा.

"वॉर्ड चौदाच," ती म्हणाली. "दोन वाजून सहा मिनिटांनी बदललंय, तसं पुढे लिहिलंय. तुमच्या हातातला कागद दोनचा आहे, साहेब."

त्यांनी शेजारचा फोन उचलून वॉर्ड नऊला विचारलं. बराच वेळ ऐकून घेतलं. नंबर टिपायला टेबलावरचा कागद उलटा केला. तो बदलीचाच होता. त्यावर त्यांनी चौदा लिहिलं.

"सांगा त्यांना," ते म्हणाले.

"आजोबा, चौदाच. डावीकडे."

तिने रिसीव्हर ठेवला तरी ते तिथेच उभे होते. मग म्हणाले, "तुम्ही इथेच बसा. आणि हे यंत्र परत द्यायचं आहे ना? रुग्णालयाने घ्यावं असा अर्ज करा."

"केलाय, साहेब. बारा एप्रिलपासून तुमच्या टेबलावर आहे."

पुढचा फोन वाजला.

संध्याकाळी ती नेहमीच्या वेळी वर आली, पट्टी मांडीवर घेऊन बसली. मी म्हटलं, "आजचं पान पाठवू? सगळं मिनिटागणिक लिहिलंय."

"आजचं नको. ते मला पाठ आहे," ती म्हणाली. "चौथ्या छत्रीचं पाठवा."

मी उठले आणि कपाटातून ती वही काढली.