नेहमीसारखंच, काका

चैत्राली आणि मी सांता क्लाराला एकाच अपार्टमेंटमध्ये राहतो. ती जहाजांच्या कंपनीत आहे, पण जहाजावर तिने आजवर पाऊल ठेवलेलं नाही. युरोपला जाणाऱ्या जहाजांनी कुठे कोणतं तेल जाळायचं, हे ती लॅपटॉपवरून सांगते. काही ठिकाणी महागडं, कमी गंधकाचं तेलच लागतं. बाकी समुद्रात स्वस्तातलं चालतं. एवढं मला तिनेच शिकवलंय, आणि शिकवताना आव असा, की सगळे समुद्र जणू बाईसाहेबांच्या हुकमात आहेत.

नरेंद्रकाका त्यातल्या एका जहाजावर चीफ इंजिनिअर. चिपळूणचे. पहिल्याच कॉलवर तिचं आडनाव ऐकून "म्हणजे आपलीच मुलगी" म्हणाले आणि हिने त्यांना लगेच काका करून टाकलं. तेव्हापासून कंपनीची रीतसर मेल राहिली बाजूला. सगळं व्हॉट्सॲप कॉलवर. कामाचं झालं, की पोरगी वेळेवर जेवते का, ही चौकशी ठरलेली. आणखी दोन वर्षं तरी समुद्रावर काढायची त्यांची इच्छा होती. घरी बसलं की माणूस गंजतो म्हणायचे.

गेल्या मे महिन्यातल्या एका सकाळी चैत्राली ऑफिसला निघायच्या घाईत होती. एका हातात पोळीचा रोल, फोन स्पीकरवर.

"व्हॅलेन्सियाला चाललोय गं. तेल बंदरातच बदलायचं ना? की आता जिब्राल्टरच्या आधीच? भूमध्य समुद्राचा नियम बदलला असं ऐकतोय."

"नेहमीसारखंच, काका. मी चेक केलंय."

"एकदा बघ हं परत."

"अहो काका, केलंय ना चेक. डोन्ट वरी."

आईला फोनवर पासवर्ड सांगताना आपला जो सूर लागतो, तो तिला लागला होता. चेक तिने काहीच केलं नव्हतं.

नियम त्याच महिन्याच्या सुरुवातीला बदलला होता. आता अख्ख्या भूमध्य समुद्रात कमी गंधकाचंच तेल हवं होतं. व्हॅलेन्सियात तपासनीस चढले, तेलाचा नमुना घेतला आणि जहाज अडकलं. चैत्राली बाथरूमचं दार लावून बसली. नोकरी गेली तर व्हिसा गेला, हे आम्हा दोघींना कुणी समजावून सांगायला नको.

पण तिला कुणी काही विचारलंच नाही. ऑफिसने बरोबर सांगितलं होतं, आपणच विसरलो, असा जबाब काकांनी देऊन टाकला होता. तिला फक्त एक व्हॉइस मेसेज आला. "तू गप्प राहा बाळा. तुला तिथे राहायचंय. मी काय, माझं बरंच झालंय आता."

ती गप्प राहिली, आठवडाभर. मला तिचा संताप येत होता आणि कीवही. "मला माझीच लाज वाटते यार," ती म्हणायची, आणि लॅपटॉप उघडून कामाला लागायची.

मग तिच्या मॅनेजरने, राजने, तिलाच सांगितलं, की बाकीच्या जहाजांना सूचना लिही. त्या चीफ इंजिनिअरसारखी चूक पुन्हा नको. दोन ओळी लिहून तिचे हात थांबले. उठून ती राजच्या केबिनमध्ये गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

पुढच्या मीटिंगमध्ये राजने तिचं कौतुक केलं. असं खरं बोलायला धाडस लागतं म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नियमाची चूक कंपनीने पोटात घातली. खोटा जबाब मात्र घातला नाही. काकांचं पुढचं कॉन्ट्रॅक्ट रद्द झालं.

त्या टाळ्यांचं सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्यासमोरच तिने फोन लावला.

"काका, तुमच्यावर आळ राहू नये म्हणून मी..."

"बरोबर केलंस. विसरलो असतो तर ठेवलंही असतं त्यांनी. खोटं बोललो ना मी. ते जाऊ दे. जेवलीस का?"

"हो, काका," ती म्हणाली.

सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं.